पहिलं पाणी गटारात

मिरची तोडणाऱ्या बाईला पाणी दोन कामांना लागतं, पिण्याला आणि हातांना. पिण्याचं तासभर ढकलता येतं, हातांचं ढकलता येत नाही. दिवसभर देठ मोडून बोटांच्या पेरांत तिखट उतरतं, नखांच्या कडेनं आत शिरतं, आणि ऊन कललं की हात खरे पेटतात. मग नळाखाली कोपरापर्यंत धुवायचे, साबण चोळायचा, पुन्हा धुवायचे. तेव्हा कुठं पोरीच्या तोंडाला हात लावता येतो.

थोरलीच्या हे सगळं अंगवळणी पडलं होतं. घरातली थोरली सून म्हणून सासरी तिला थोरली म्हणायचे, ते नाव तिच्या मागोमाग या गावीही आलं. मिरचीच्या हंगामात नवरा, धाकटा दीर आणि लहानगी पोर घेऊन ती दरसाल लांबून इथं यायची. मळ्याच्या कडेला पत्र्याच्या खोल्यांची ओळ होती, त्यातली शेवटची खोली त्यांची. गावाची शेवटची गल्लीही तिथंच येऊन संपायची आणि गल्लीच्या तोंडाशी नळ होता. त्या वर्षी उन्हाळा हटता हटत नव्हता. नळाला दिवसाआड पाणी यायचं, तेही करंगळीएवढं. रांगेत माणसांपेक्षा डबेच जास्त असायचे, पण ज्याचा डबा त्याची जागा, हा नियम सगळे पाळायचे. गावातल्याच्या डब्याला बाहेरच्याचा डबा खेटून बसायचा आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

त्या संध्याकाळी ती मळ्यातून परस्पर नळावर आली, तर तिचा डबा रांगेत नव्हता. गटाराच्या पलीकडे आडवा पडला होता, झाकण भलतीकडेच. वाऱ्यानं पडला असेल म्हणून तिनं उचलून आणला आणि जागेवर ठेवायला गेली, तर पुढच्या बाईनं आपला डबा पायानं सरकवून जागा बुजवली. थोरली तिच्या मागं गेली. तिथलीही जागा बुजली. भांडण नाही, शिवी नाही. सगळ्या बायका नळाकडे बघत उभ्या होत्या, जशा काही त्यांनी नळ आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला होता.

शेवटी ती शिंपिणीकडे वळली. शिंपीण गल्लीतलीच, दारात मशीन टाकून बसायची. परवाच तिनं थोरलीच्या पोरीच्या फाटक्या झग्याला आपणहून टीप मारून दिली होती. काय झालं, असं थोरलीनं विचारलं. शिंपिणीनं मोबाईल काढला आणि समोर धरला. थोरलीच्या हातात मात्र दिला नाही.

त्यात गावाची पाण्याची टाकी होती. टाकीच्या शिडीवरून एक उंच, हडकुळा माणूस उतरत होता. तोंडाला ओलं फडकं करकचून बांधलेलं, हातात बादली, बादलीच्या कडेला पांढरी पावडर. तो खाली आला, एक लांब लोखंडी दांडी उचलली, जमिनीतल्या खड्ड्यात घातली, अंगाचा भार टाकून फिरवली. जाड नळातून पाणी धो धो सुटलं आणि थेट गटाराला लागलं. तिथंच ते संपलं. वर लाल अक्षरांत लिहिलं होतं: "बाहेरच्यांनी गावाचं पाणी गटारात सोडलं. पांढरी पावडर कसली? लोखंडी गज घेऊन टाकीवर." मागून एक माणूस तेच ओरडून ओरडून सांगत होता.

तोंडावरचं फडकं थोरलीनं ओळखलं. तिच्याच जुन्या चादरीचा तुकडा होता तो. आणि ती उंची तर त्या खोल्यांच्या ओळीत दुसऱ्या कुणाची नव्हती. दिराला सगळे लांब्याच म्हणायचे.

"आमची पोरं दिवसाआड आंघोळ करतात," शिंपीण म्हणाली, "आणि तुमचा माणूस टाकी गटारात ओततो. वर पावडर कालवतो. आता इथं डबा ठेवू नकोस, बाई. मी चांगल्या शब्दांत सांगते आहे, दुसरं कुणी असं सांगणार नाही."

थोरली रिकामा डबा घेऊन परत फिरली. हात पेटलेले होते. डब्याची कडी धरवेना म्हणून तिनं तो छातीशी धरला होता.

लांब्या खोलीच्या मागं बसून खोऱ्याला दांडा बसवत होता. सकाळीच कुणीतरी त्याच्या पाठीत दगड घातला होता, पण तो का घातला हे त्याला कळलं नव्हतं, आणि दगड घालणाऱ्याला विचारायची सोय नव्हती. थोरलीनं सांगितलं तेव्हा त्यानं दांडा खाली ठेवला.

मिरचीचा हंगाम नसे तेव्हा लांब्या गावोगावी टाक्या धुवायचा. टाकीचं तोंड अरुंद असतं, त्यातून हडकुळा माणूसच आत उतरतो. आत गुडघाभर गाळ. तो बादलीनं वर काढायचा, भिंती तारेच्या ब्रशनं घासायच्या, मग ब्लिचिंग पावडर. त्या पावडरीनं नाक-घसा सोलून निघतो, म्हणून तोंडाला ओलं फडकं. त्याचं हे काम गावच्या फिटरला, म्हणजे गल्लोगल्लीचं पाणी सोडणाऱ्या माणसाला, कुणाकडून तरी कळलं. टाकी कित्येक वर्षांत कुणी धुतली नव्हती, आणि उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की गाळ नळाला येत होता. फिटरनं त्याला बोलावलं. लांब्यानं टाकी अशी घासली की आतला मूळचा रंग दिसायला लागला.

"पावडर मारल्यावर पहिलं पाणी सोडून द्यायचंच असतं, वहिनी," तो म्हणाला. "ते घरोघरी गेलं असतं तर पोरं ओकून ओकून आडवी झाली असती."

"मग लोकांना सांगायचं नाही का?"

"मी कोण सांगणारा? फिटर खाली उभा होता. व्हॉल्व्ह फिरवायची दांडी त्यानंच दिली. तो म्हणाला होता पहाटे अंधारात सोड. पण अंधारात पाण्याचा रंग कसा दिसणार? पांढुरकं जाऊन नितळ आलं की बंद करायचं असतं. म्हणून मी उजेडात सोडलं."

चुकलं ते एवढंच. फिटरला अंधार का हवा होता हे लांब्याच्या डोक्यातही आलं नाही. टाकीवर बाहेरचा माणूस चढवायचा नाही असा नियम होता आणि फिटरनं तो मोडला होता. लांब्याला वाटलं, चांगलं काम आहे, लपवायचं कशाला. ज्याला आयुष्यभर टाकीच्या आत, कुणाला न दिसता काम करायची सवय, त्यानं एकदा बाहेर, भर उजेडात काम केलं आणि तेवढंच जगाला दिसलं.

नवरा-बायको दोघं फिटरच्या घरी गेली. फाटकाबाहेरच उभं राहावं लागलं. फिटर बनियनवर आला, फाटक न उघडता बोलला. थोरलीचा नवरा मूळचाच अबोल, त्यात त्याला अशा ठिकाणी हात कुठं ठेवावेत हे कळत नसे. तो आपली टोपी दोन्ही हातांत फिरवत राहिला. थोरलीनं सगळं सांगितलं. फिटरनं ऐकून घेतलं आणि काखा वर केल्या. टाकी आमचीच माणसं धुतात, म्हणाला, त्या माणसाला मी ओळखत नाही. हे म्हणताना तो त्यांच्याकडे बघत नव्हता, शेजारच्या गच्चीकडे बघत होता. आणि त्याच्या ओट्यावर, भिंतीला टेकून, ती लोखंडी दांडी उभी होती. थोरलीला ती दिसली. तिला ती दिसली हे फिटरलाही दिसलं. तो आत गेला आणि दार लावून घेतलं.

त्यानंतरचे दिवस कोरडे गेले. मालकानं, म्हणजे मळेवाल्यानं, मळ्यातल्या नळ्यांचं पाणी घ्यायला सांगितलं. त्यात खत सोडलेलं असायचं. पिऊन पोट ढवळायचं, आणि हातांना लावलं तर जिथं कातडी सोलली होती तिथं जाळ उठायचा. थोरली हात मातीत घोळायची. माती थोडं तिखट ओढून घेते, सगळं नाही. एका संध्याकाळी पोर रडत अंगाला बिलगली, तिनं विसरून तिचं तोंड पुसलं, आणि पोरीनं असा टाहो फोडला की ओळीतल्या सगळ्या खोल्यांची दारं उघडली. डोळे धुवायला पाणी नव्हतं. पिण्यासाठी राखलेल्या तांब्यातलं होतं ते सगळं डोळ्यांवर ओतलं. त्या रात्री कुणी पाणी प्यायलं नाही.

नवरा म्हणायचा, आपण बाहेरचे, मान खाली घालून हंगाम काढू. थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात जायची. मान आणखी किती खाली घालायची? मिरचीच्या झाडाला उंची ती काय, तिथं दिवसभर मान खालीच असते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि वर मार खाणाऱ्यानं म्हणायचं की हंगाम बरा गेला.

मग मालकच आला. माणूस वाईट नव्हता. पण वाईट नसलेल्या माणसांची एक रीत असते. ती वाईट गोष्ट हळू आवाजात सांगतात. व्यापारी कुरकुर करताहेत, म्हणाला, त्या टाकीवाल्याच्या घरची माणसं तोडतात ती मिरची आम्हाला नको. आठवडाअखेर खोली मोकळी करा. तुमच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. थोरलीनं विचारलं, मनात काही नाही, मग खोलीत का नको? त्यावर तो म्हणाला, गावात राहायचं तर गावाचं ऐकावं लागतं. शेवटची तोडणी अजून झाडावर होती. ती सोडून जायचं म्हणजे उभ्या हंगामावर पाणी सोडायचं, आणि पुढच्या वर्षी या ओळीत पाय ठेवायचं नावच नको.

लांब्यानं हे भिंतीआडून ऐकलं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्यानं आपलं गाठोडं बांधलं. मी गेलो की तुमचं मिटेल, म्हणाला. भावानं अडवलं नाही, मान वळवून घेतली. थोरलीनं अडवलं, तर तो हसून म्हणाला, वहिनी, लांब्या लांबच बरा. तो असलंच काही विनोदाचं बोलायचा. ती हसली नाही. तो वाटेला लागला तेव्हा बांधाआड पाय गेले, धड गेलं, आणि डोकं मात्र कितीतरी वेळ दिसत राहिलं.

चार-पाच दिवसांनी त्याचा फोन आला. दोन गावं ओलांडून तो टरबुजाच्या गोदामात काम मागायला गेला होता. दारातच ओळखलं त्याला, उंचीवरून.

"इथंही आलाय तो व्हिडिओ, वहिनी," लांब्या म्हणाला. "माझ्या आधी पोचलाय."

पुढं जातो म्हणाला. कुठं ते सांगितलं नाही, बहुधा त्यालाही ठाऊक नव्हतं. त्यानंतर त्याचा फोन लागेना.

लांब्या गेला तरी मालकानं मुदत बदलली नव्हती. खोली सोडायला एक दिवस उरला असताना एक बाई खोल्यांच्या ओळीत आली. साधी, खांद्याला पिशवी, पायांत धुळीची चप्पल. ती पोरांना आणि बातमीदारांना शिकवायची. बाहेरून कामाला येणाऱ्या माणसांच्या बातम्या कशा वाचायच्या, कशा लिहायच्या, कुठं फसायचं नाही, असं काहीसं. गावच्या शाळेच्या मोठ्या खोलीत दिवसभराचा वर्ग होता. कॉलेजची पोरं येणार होती, आसपासचे बातमीदार येणार होते, आणि ती लांब्याचाच व्हिडिओ शिकवायला घेणार होती. त्या माणसाला भेटता येईल का, असं तिनं विचारलं.

थोरली म्हणाली, तो नाही. मी येते.

शाळेच्या खोलीला पंखे होते. थोरलीला मागच्या ओळीत खुर्ची दिली. तिनं हात मांडीवर उताणे ठेवले, कारण पालथे ठेवले की कापड लागून झोंबायचं. पुढं भिंतीवर लांब्या दिसत होता. केवढा मोठा, छतापर्यंत. शिकवणाऱ्या ताईनं आवाज बंद केला होता, लाल अक्षरं झाकली होती.

"काय दिसतं ते सांगा," ताई म्हणाली. "फक्त दिसतं ते."

एक पोरगा म्हणाला, चोर. ताई म्हणाली, चोर दिसत नाही, माणूस दिसतो. दुसरा म्हणाला, गज. ताई म्हणाली, लोखंडी दांडी. विष? पांढरी पावडर. पोरांना खेळ सापडला. हे कुणी काढलं, कुठं उभं राहून, याच्या आधी काय झालं, नंतर काय, कुणी कुणाला पाठवलं, सगळे भराभरा बोलायला लागले. व्हिडिओ पुढं-मागं होत होता. लांब्या शिडी उतरायचा, पुन्हा उलटा वर चढायचा, पुन्हा उतरायचा. त्याच्या घरचं माणूस मागं बसलंय हे तेवढ्या वेळात कुणाच्या लक्षात राहिलं नाही. थोरलीला ते सगळं पटत होतं आणि तरी चीड येत होती. ही पोरं हुशार होती. मग हीच हुशारी इतके दिवस कुठं चरायला गेली होती? त्यांच्याच मोबाईलवरून तर तो व्हिडिओ दोन गावं ओलांडून गेला होता.

मग कुणाला तरी तिची आठवण झाली. एका पोरानं वळून विचारलं, तुम्हाला त्या वेळी काय वाटलं?

"हात भाजले," थोरली म्हणाली.

 दोघा-तिघांनी ते लिहून घेतलं. त्यांना ते फार छान वाक्य वाटलं. तिनं हात वर करून दाखवले तेव्हा लिहिणं थांबलं.

पुढच्या बाकावर शिंपिणीची मुलगी बसली होती, कॉलेजात जाणारी. नळावर डबे सरकले तेव्हा तीही आईशेजारी उभी होती. इतका वेळ ती बोलली नव्हती. आता ती उठली. चेहरा उतरला होता, पण आवाज स्पष्ट होता. ती दांडी फिटरकाकांची आहे, म्हणाली. आमच्या गल्लीचं पाणी ते दिवसाआड ह्याच दांडीनं सोडतात, मी लहानपणापासून बघते आहे. मग ती ह्या माणसाच्या हातात आली कशी?

सगळ्या खोलीनं भिंतीकडे पाहिलं. त्या गावातल्या प्रत्येकानं ती दांडी शेकडो वेळा पाहिली होती. लाल अक्षरं वर आली आणि दांडीचा गज झाला.

बातमीदार खिडकीजवळ बसला होता. तोच, व्हिडिओत मागून ओरडणारा. प्रत्यक्षात त्याचा आवाज बारीक होता. तो म्हणाला, मला व्हिडिओ आला, मी टाकला. सगळेच टाकत होते, मी नसता टाकला तर मागं पडलो असतो. ताईनं त्याला विचारलं, फिटरचा नंबर आहे का? होता. मग लावा, म्हणाली. त्यानं सगळ्यांसमोर लावला. आधी फिटर तेच म्हणाला, टाकी आमचीच माणसं धुतात. मग बातमीदारानं विचारलं, काका, दांडी कुणाची? पलीकडे बराच वेळ पंख्याचा आवाज येत राहिला. मग फिटर म्हणाला, हो, मीच बोलावलं होतं त्याला, पहिलं पाणी सोडावं लागतं, पण माझं नाव घालू नका.

तेवढंच. एक फोन. चहा गार व्हायच्या आत झाला. उचलली जीभ लावली टाळ्याला असं म्हणतात, पण ती बातमी पसरवायला तर जीभही उचलावी लागली नव्हती, नुसता अंगठा.

बातमीदार थोरलीकडे आला. माणूस घाबरला होता, आणि घाबरलेली माणसं करतात तसा फार आदरानं बोलत होता. आजच खुलासा टाकतो, बाई, म्हणाला. थोरलीनं विचारलं, कुठं? चॅनेलवर, तो म्हणाला, त्याच बातमीच्या खाली.

"खाली नको," थोरली म्हणाली. "माझा डबा जिथून फेकला तिथं येऊन सांगा. उद्या सकाळी पाणी आहे."

तो ताईकडे बघायला लागला.  मग तो येतो म्हणाला.

सकाळी नळावर रांग लागली होती. थोरली डबा घेऊन गेली आणि रांगेच्या बाहेर उभी राहिली. नवरा खोलीपाशीच थांबला, त्याचं सामान बांधून झालं होतं. ताई आली, शिंपिणीची मुलगी आणि आणखी काही पोरं आली. बातमीदार इस्त्रीचा शर्ट घालून आला. त्यानं आपला मोबाईल एका पोराकडे दिला, स्वतःच्या केसांवरून हात फिरवला आणि बोलायला लागला. त्या दिवशीच्या व्हिडिओबद्दल थोडा गैरसमज झाला होता, तो असं म्हणाला.

"झाला नव्हता," थोरली म्हणाली. "तुम्ही केला होता."

तो थांबला. पुन्हा सुरुवात केली. माहिती अपुरी मिळाली होती, म्हणाला. थोरलीनं विचारलं, तुम्ही कुणाला विचारलं होतं?  ती तिथून हलली नाही. नळ करंगळीएवढा वाहत होता आणि रांगेतली प्रत्येक बाई आता त्याच्याकडे बघत होती. शेवटी तो म्हणाला, आणि हे म्हणताना त्याचा आवाज खरोखर बारीक झाला, की मी कुणालाही विचारलं नव्हतं. तो माणूस टाकी धुवायला आला होता. फिटरनं बोलावलं होतं. पावडर टाकी धुवायची होती. पाणी सोडलं ते तुमची पोरं आजारी पडू नयेत म्हणून सोडलं. मी न विचारता टाकलं.

रांगेत जरा कुजबुज झाली. एक म्हातारी म्हणाली, असं होय. दुसरी म्हणाली, मग तेव्हाच सांगायचं ना, आम्हाला काय स्वप्न पडतं? तोवर कुणीतरी जाऊन मालकाला सांगितलं असावं, कारण तो मळ्याच्या बांधावर येऊन उभा राहिला आणि तिथूनच हात हलवून म्हणाला की खोलीचं राहू दे, तोडणी होऊ दे. जसा काही तोच काही देत होता. शिंपिणीनं आपला डबा मागं ओढला आणि नळाखाली जागा केली.

"ठेव, बाई," ती म्हणाली. "आणि दिराला म्हणावं ये परत. कुणी काही करणार नाही त्याला."

"कुठं म्हणू?" थोरली म्हणाली. "त्याचा फोन लागत नाही."

शिंपिणीनं खाली पाहिलं. थोरलीला तिची दया आली नाही. पुढं कधी आली असती तर आली असती, त्या सकाळी नाही. जिनं पोरीच्या झग्याला टीप मारली तिनंच पोरीच्या डोळ्यांचं पाणी तोडलं होतं, आणि दोन्ही वेळा ती तितकीच खरी होती. माणसाचं हे असंच असेल तर त्याच्या चांगुलपणावर पाठ तरी कशी टेकायची?

बातमीदारानं मोबाईल परत घेतला, बंद केला, खिशात घातला. मी हे पाठवतो सगळीकडे, म्हणाला आणि निघाला. थोरलीनं त्याला हाक मारली.

"पहिला जिथवर गेला, तिथवर हा जाईल?"

त्यानं खोटं बोलायचा प्रयत्न केला, पण पोरं बघत होती. ते माझ्या हातात नाही, म्हणाला. लोक असलं काही फारसं पुढं पाठवत नाहीत.

"बंद का केला मग?"

"झालं की, बाई. सगळं आलं त्यात."

"माझा डबा भरला नाही अजून," थोरली म्हणाली. "चालू करा."

त्याला वाटलं ती चेष्टा करते आहे. तिच्या तोंडाकडे बघून त्यानं मोबाईल पुन्हा काढला. थोरलीनं डबा नळाखाली ठेवला आणि शेजारी उकिडवी बसली. आधी तिनं हात धुतले, कोपरापर्यंत, साबण लावून, पुन्हा धुतले. रांगेत कुणी हूं की चूं केलं नाही. मग डब्यात धार लागली, बारीक, तळावर वाजत. बघण्यासारखं तिथं काही नव्हतं. एक बाई, एक डबा, एक नळ. बातमीदारानं एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला. त्याचा हात अवघडला, त्यानं दुसऱ्या हातानं कोपराला आधार दिला. पोरं आधी गंमत म्हणून बघत होती, मग त्यांची चुळबूळही थांबली. थोरलीनं मान वर करून पहिल्यांदा मोबाईलकडे सरळ पाहिलं.

"त्याचं तोंड झाकलेलं होतं," ती म्हणाली. "माझं नीट घ्या."

"घेतोय," तो म्हणाला. आणि मग न राहवून म्हणाला, "पण एवढा लांब व्हिडिओ कुणी बघत नाही हो, बाई."

"तुम्ही बघा," थोरली म्हणाली. "लांब्याचा तुम्हीसुद्धा पुरता बघितला नव्हता."

डबा अजून अर्धाही झाला नव्हता.